आश्विनातली तोलाई

बत्तीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात ह्यांनी कांदा तोलला.
आता तोलायला काही नाही,
तरी उजवा हात चालताना जरा वर धरलेला असतो,
काट्याची दांडी अजून थरथरतेय असा.

घट बसले त्या आठवड्यात म्हणाले, शालन, चल.
कोपरखैरण्यातून नुसते दिसतात ते डोंगर,
एकदा त्यांच्या अंगाखांद्यावर जाऊन येऊ.
मी म्हटलं, गुडघे?
म्हणाले, तेही येतील. त्यांना कुठं ठेवणार!

गवळीदेवाची वाट.
सात ठिकाणी बसलो. आठव्या ठिकाणी झोपलोच.
उठले तर गवत अर्धं पिवळं, अर्धं विचारात,
सोनकी फुललेली आणि ह्यांच्या टोपीवर एक चतुर
हक्काने बसलेला.
हलू नका, मी म्हटलं.
हे हलले नाहीत.
आख्ख्या बाजाराला दम देणारा माणूस
एका चतुरासाठी पाव तास दगड होऊन राहिला.

ओव्याच्या चढाला एक ठाकरीण काकड्या घेऊन बसलेली.
ह्यांनी एक उचलली, डोळे मिटले, म्हणाले, साडेतीनशे.
तिनं काट्यावर टाकली. साडेतीनशे.
दुसरी? दोनशे ऐंशी. दोनशे ऐंशी.
ती हसली, इतकी हसली की पदर तोंडात धरला,
आणि तिसरी काकडी अशीच दिली, न तोलता.
त्या फुकट काकडीला हे उतरणभर जपत होते.
मीठ नव्हतं. घामाबरोबर खाल्ली.

मध्ये चार दिवस ऊन फार. घरीच.
खिडकीतून डोंगर बघायचे,
ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे.

मग कोजागिरीला दोन दिवस असताना न्हाव्याच्या धक्क्यावरून होडी.
तिवरांच्या मुळांवर चिखल चकाकत होता,
पलीकडे बंदराच्या क्रेन उभ्या,
हे त्यांच्याकडे बघत राहिले, जुन्या धंद्यातली
पुढं गेलेली पोरं दिसावीत तसे.
घारापुरीला सगळी माणसं लेण्यांकडे गेली.
आम्ही नाही गेलो. पायऱ्या बघूनच पाया पडलो.
शेतबंदराच्या वाटेला चिंचेखाली बसलो,
समोर जवळा वाळत घातलेला, एक मांजर राखण करत होतं
की वाट बघत होतं, कळलं नाही.

मी विचारलं, हे बेट किती भरेल हो?
गंमत म्हणून विचारलं.
हे मात्र गप्प झाले. चहा निवला.
मग म्हणाले, बेट तोलता नाही यायचं.
ते पाण्यावर ठेवलेलं नसतं, शालन.
आपण त्या दिवशी चढलो ना,
तोच डोंगर असणार. पाण्याखालून चालत आलाय,
इथं दम खायला डोकं वर काढलंय.

मला एकदम आमचा पहिला प्रवास आठवला.
हळद निघाली नव्हती. फलटणवरून रात्रीचा ट्रक,
खाली कांद्याची पोती, वर मी,
घाटात ह्यांनी विचारलं होतं, भीती वाटते का?
मी नाही म्हटलं होतं.
वाटत होती.
हे सांगायला अडतीस वर्षं आणि एक बेट लागलं.
हे म्हणाले, मलाही.

ओहोटी लागली होती. होडीवाला म्हणाला,
पाणी चढल्याशिवाय सुटणार नाही.
पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर
ह्यांनी मार्केट डोक्यावर घेतलं असतं.
आता चप्पल काढून, पाय लांब करून म्हणाले,
चढू दे की.

परतताना चंद्र जवळजवळ पुरा होता, एक कड कमी.
मी ह्यांच्या खांद्यावर कधी कलले कळलं नाही.
धक्का आला, जाग आली, ह्यांचा हात तसाच
वर धरलेला, पण थरथरत नव्हता.
किती भरलं माझं डोकं? मी विचारलं.
म्हणाले, काटा बंद होता.

आणि पिशवीतून चिंचा सांडल्या,
त्या वेचत बसलो, होडी रिकामी होईपर्यंत.